प्लाझ्मा टेबलाचा ड्राइव्ह: आधी हिशेब, मग खरेदी

माननीय संपादक महोदय,
स. न.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीपासून खानापूर, संकेश्वर, चिकोडी, निपाणीपर्यंत फॅब्रिकेशनच्या अनेक शेडमध्ये सध्या एकच चर्चा आहे: तयार सीएनसी प्लाझ्मा मशिन (संगणकाच्या आज्ञेने टॉर्च फिरवून पत्रा कापणारे) परवडत नाही, तर टेबल आपणच बांधूया. विचार अगदी रास्त आहे. फ्रेम वेल्ड करणे, प्लेटला होल मारणे, लेथवर बुश काढणे हा इथल्या कारागिरांच्या हातचा मळ. मोटर, ड्रायव्हर, कंट्रोलर हेही आता कोल्हापूर-पुण्याहून सहज मिळते. पण या सगळ्यात एक निर्णय असा आहे की तो चुकला तर पुढे कितीही सेटिंग बदलले तरी कट सुधारत नाही. मोटरच्या फिरण्याची सरळ चाल कशाने करायची, म्हणजेच ड्राइव्ह कोणता घ्यायचा, हा तो निर्णय. दुकानदार आणि व्हिडिओ याबद्दल जे सांगतात, ते बरेचदा लाकडाच्या राउटरला किंवा मिलिंगला लागू असते. प्लाझ्माचे गणित वेगळे आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

मिलिंगमध्ये कटर धातूला रेटतो आणि धातू कटरला उलट रेटतो. तो रेटा पेलायला बॉल स्क्रूसारखा घट्ट ड्राइव्ह लागतो. प्लाझ्माची टॉर्च पत्र्याला टेकतच नाही, त्यामुळे उलट रेटा जवळपास नसतो. ड्राइव्हला ओढायची असते ती फक्त गँट्री, म्हणजे टॉर्च वाहून नेणारा आडवा पूल. मात्र ती झटकन वेग घेणारी आणि झटकन थांबणारी हवी. ४५ ॲम्पिअरवर ६ मिमी माइल्ड स्टील मिनिटाला साधारण दीड-दोन मीटरने कापले जाते, ३ मिमी चार मीटरच्या आसपास आणि दीड मिमीचा पत्रा आठ मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने. नेमका आकडा आपल्या टॉर्चच्या कटिंग चार्टमधूनच घ्यावा. आता हा वेग कोपऱ्यावर टिकतो का, यावर कटचा दर्जा ठरतो.

हिशेब सोपा आहे. थांबायला लागणारे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले ॲक्सिलरेशनची दुप्पट. मिनिटाला ८ मीटर म्हणजे सेकंदाला १३३ मिमी. टेबलाचे ॲक्सिलरेशन ५०० मिमी प्रति सेकंद वर्ग असेल, तर तेवढ्या वेगावरून थांबायला सुमारे १८ मिमी लागतात. तेच २००० असेल तर साडेचार मिमी पुरतात. गेटच्या डिझाइनमध्ये वेल, पान, कमळाची पाकळी असते आणि दर वीस-पंचवीस मिमीवर एक टोक येते. ५०० वाल्या टेबलावर टॉर्च पूर्ण वेगाला पोचतच नाही. वेग धरता धरताच ब्रेक लागतो.

याचा परिणाम पाहायचा तर अशा टेबलावर कापलेल्या पानाचे टोक हातात घ्या. मधल्या भागात कटची रुंदी दीड मिमीच्या आत असते, ती टोकाजवळ फुगत जाते. टोक टोकदार न राहता गोल होते. खालच्या बाजूला नखाने न निघणारा, ग्राइंडरच लागेल असा स्लॅगचा मणी चिकटलेला असतो. करंट तेवढाच राहिला आणि वेग पडला की त्या जागी उष्णता जास्त जाते, म्हणून असे होते. त्यातच टॉर्चची उंची सांभाळणारे टीएचसी चालू असेल तर आणखी एक बिघाड होतो. वेग पडला की कट रुंद होतो, आर्क लांबतो, व्होल्टेज वाढते. टीएचसीला वाटते टॉर्च वर गेली, म्हणून ते ती खाली ढकलते आणि नोझल पत्र्याला घासते. ठरलेल्या वेगाच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांखाली वेग गेला की टीएचसी गोठवण्याची सोय बहुतेक कंट्रोलरमध्ये असते, ती चालू ठेवावी. पण हा तात्पुरता इलाज झाला. मूळ दुखणे ॲक्सिलरेशनचे आहे.

म्हणून २ ते ३ मिमीच्या ग्रिल-गेटच्या कामासाठी किमान २००० मिमी प्रति सेकंद वर्ग हे लक्ष्य ठेवून ड्राइव्ह निवडावा. ज्यांना फक्त शेडच्या बेस प्लेट, फ्लँज, उसाच्या ट्रॉलीचे गसेट असे ८ मिमीच्या वरचे काम करायचे आहे, त्यांना निम्म्यात भागते. आपल्याकडे काम कोणते येते हे आधी ठरवा, कॅटलॉग नंतर उघडा.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो बॉल स्क्रूवर. ‘बॉल स्क्रू म्हणजे अचूकता’ हे डोक्यात पक्के बसले आहे. ४ बाय ८ फुटी पत्र्यासाठी लांब बाजूला सुमारे २६०० मिमीचा स्क्रू लागतो. एवढा लांब आणि बारीक स्क्रू ठरावीक फेऱ्यांच्या वर गेला की मधोमध दोरीच्या उडीसारखा झोल खाऊ लागतो. याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. एक टोक फिक्स आणि दुसरे सपोर्ट बेअरिंगवर धरले, तर १६ मिमी व्यासाच्या स्क्रूची सुरक्षित मर्यादा मिनिटाला साधारण २९० फेरे येते. ५ मिमी लीडने (एका फेऱ्यात ५ मिमी चाल) ते मिनिटाला दीड मीटरसुद्धा भरत नाही. २५ मिमी व्यास आणि १० मिमी लीड घेतले तरी ४७५-४८० फेरे, म्हणजे पावणेपाच मीटरच्या आसपास. दीड मिमी पत्र्याला आठ मीटर लागतात, ते यातून कुठून येणार? शिवाय प्लाझ्माचा धूर म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडची बारीक भुकटी. ती बॉल नटमध्ये गेली की पॉलिश पेपरचे काम करते. प्लाझ्मा कटची स्वतःची अचूकताच पाव ते अर्धा मिमी असते. तिथे शतांश मिमीच्या स्क्रूला पैसे घालून हाती काही लागत नाही. बॉल स्क्रूची जागा उभ्या अक्षावर आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

ट्रॅपेझॉइडल आट्यांचा साधा लीड स्क्रू लांब अक्षासाठी विचारातही घेऊ नये. घर्षणात निम्म्याहून अधिक ताकद जाते आणि नट झिजतो. काही जण मोटरसायकलची किंवा सायकलची चेन लावतात. चेन स्वस्त आहे, पण ती गोल फिरत नाही, बहुकोनात फिरते. ११ दात्यांच्या स्प्रॉकेटवर प्रत्येक दात्याला वेग ४ टक्के वरखाली होतो आणि कटच्या कडेवर त्याच अंतराने लहरी उमटतात. शिवाय चेन ताणत जाते, ती वेगळीच.

टायमिंग बेल्टला मात्र नाव ठेवता येणार नाही. २ बाय २ किंवा २ बाय ४ फुटी टेबलावर स्टीलच्या तारा असलेला पॉलियुरेथेनचा रुंद बेल्ट उत्तम चालतो. हलका, आवाज नाही, बॅकलॅश (दिशा बदलताना येणारी ढिलाई) नाही. थ्रीडी प्रिंटरचा ६ मिमी रुंदीचा बेल्ट इथे वापरू नये, तो रबरासारखा ताणतो. लांबी वाढली की कोणत्याही बेल्टचा ताण वाढतो. अडीच मीटरला तो कोपऱ्यावर कंपनाच्या रूपात दिसतो. दुसरी अडचण ठिणग्यांची. बेल्ट टॉर्चच्या जवळून जात असेल तर वर पत्र्याचे झाकण हवेच.

४ बाय ८ फुटी टेबलासाठी आमच्या मते रॅक-पिनियन (दात्यांची सरळ पट्टी आणि तिच्यावर फिरणारे छोटे दातेरी चाक) हाच योग्य ड्राइव्ह आहे, पण रिडक्शनसकट, म्हणजे मोटरचे फेरे मध्ये कमी करून. पिनियन थेट मोटरच्या शॅफ्टवर बसवला तर निम्मा फायदा तिथेच गेला. का, ते आकड्यांत बघा.

मॉड्यूल १ (मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचे माप), २० दात्यांचा पिनियन. व्यास २० मिमी, एका फेऱ्यात चाल ६२.८३ मिमी. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पूर्ण स्टेप घेते, म्हणजे थेट जोडणीत एक स्टेप ०.३१ मिमीची. मायक्रोस्टेपने (ड्रायव्हरने एका स्टेपचे लहान भाग पाडून) हा आकडा कागदावर लहान होतो, पण दोन मायक्रोस्टेपमध्ये मोटरची पकड फार थोडी असते. कडेवर करवतीसारखे बारीक दाते दिसतात ते यामुळे. मध्ये ३:१ रिडक्शन टाकले की मोटरच्या एका फेऱ्यात चाल २०.९४ मिमी होते आणि एक स्टेप ०.१ मिमीची. मिनिटाला ८ मीटरला मोटर ३८२ फेरे घेते, १५ मीटरच्या रॅपिडला (न कापता होणाऱ्या जलद चालीला) ७१६. हा स्टेपरचा सोयीचा पट्टा आहे.

दुसरा आणि मोठा मुद्दा जडत्वाचा. गँट्री ३५ किलोची धरा, दोन्ही बाजूंना एकेक मोटर, म्हणजे एका मोटरच्या वाट्याला साडेसतरा किलो. थेट जोडणीत हे वजन मोटरला तिच्या स्वतःच्या रोटरच्या, म्हणजे फिरत्या भागाच्या, सुमारे २२ पट जड वाटते (३ न्यूटन-मीटरच्या नेमा २३ मोटरचा रोटर धरून; नेमा २३, ३४ ही मोटरच्या तोंडाची प्रमाणित मापे). रिडक्शनचा परिणाम वर्गाने होतो. ३:१ म्हणजे ९ पट घट, आणि प्रमाण अडीचच्या खाली येते. थेट जोडणीत कोपऱ्यावर गँट्री थरथरते आणि बाहेर पडताना कडेवर दोन-तीन लाटा सोडते. रिडक्शनवर ती लाट बहुतेक दिसेनाशी होते.

ताकद किती लागते? ३५ किलोला २ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे ७० न्यूटन. घर्षणाचे ३० धरा. एकूण १०० न्यूटन, साधारण १० किलोचा जोर. पिनियनची त्रिज्या १० मिमी, म्हणून १ न्यूटन-मीटर. ३:१ आणि दोन मोटर, म्हणजे प्रत्येकीला ०.१७. रोटर फिरवायला आणि बेल्टच्या घर्षणाला धरून पाव न्यूटन-मीटर समजा. ३ न्यूटन-मीटरची मोटर सातशे फेऱ्यांवर साधारण तिसरा हिस्सा ताकद राखते, म्हणजे एकच्या आसपास. हात राखून भरपूर उरते. त्यामुळे ‘मोठी टाका, डोक्याला ताप नको’ म्हणून नेमा ३४ घेण्याची गरज नाही. नेमा ३४ मोटरचा रोटर कितीतरी जड आणि वाइंडिंगचा इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) जास्त असतो. ४८ व्होल्टवर ती थांबलेली असताना जबरदस्त धरते आणि वेगात लगेच गळपटते. प्लाझ्माला नेमके याच्या उलट हवे.

रिडक्शनसाठी एचटीडी ५एम बेल्ट (दात्यांचे अंतर ५ मिमी), १५ मिमी रुंद. मोटरवर २० दात्यांची पुली, पिनियनच्या शॅफ्टवर ६० दात्यांची. ४२५ मिमी लांबीचा, म्हणजे ८५ दात्यांचा बंद बेल्ट घेतला तर दोन शॅफ्टमधले अंतर सुमारे १०८ मिमी येते आणि लहान पुलीवर आठ दाते पकडीत राहतात. सहापेक्षा कमी दाते पकडीत नसावेत. मोटरच्या प्लेटला लांबट होल ठेवा म्हणजे बेल्ट ताणता येतो. पिनियनचा शॅफ्ट १२ मिमी, त्याला ६२०१ ची दोन बेअरिंग किमान ३५ मिमी अंतराने. एका बेअरिंगवर लोंबकळणारा पिनियन रॅकवर तिरका बसतो आणि दात्याचा एकच कोपरा खातो. पुली मागवताना बोअर विचारून घ्या. नेमा २३ चा शॅफ्ट काही मोटरना ६.३५ मिमी असतो, काहींना ८. पुली नुसत्या एका ग्रब स्क्रूवर सोडू नका. शॅफ्टवर फ्लॅट पाडा किंवा चावी बसवा, दोन ग्रब स्क्रू ९० अंशांत घ्या आणि त्यांना थ्रेड लॉक लावा. सैल पुली दर कोपऱ्याला केसभर सरकते. माणूस मोटर स्टेप हुकतेय समजून ड्रायव्हर बदलत बसतो. पुली आणि शॅफ्टवर मार्करने एकच आडवी रेघ ओढून ठेवली की सरकणे लगेच उघडे पडते.

पिनियन १७ पेक्षा कमी दात्यांचा घेऊ नका. २० अंशांच्या साध्या दात्यात त्याखाली मुळाशी धातू कमी होतो. मोठा पिनियनही नको. ३० दाते घेतले की चाल दीडपट वाढते आणि मिळवलेल्या रिडक्शनचा तिसरा हिस्सा हातचा जातो.

रॅकबाबत सर्वाधिक चुका होतात, म्हणून इथे थोडे थांबू. दाते खाली तोंड करून रॅक बसवा. वर तोंड केले तर धुराची भुकटी आणि स्लॅगचे कण दात्यांत भरतात आणि पिनियन त्यांच्यावरून उड्या मारत जातो. रॅक वेल्ड करू नका. आपल्या शेडमध्ये हात लगेच टॅक मारायला जातो, पण प्रत्येक टॅकला रॅक थोडा ओढला जातो आणि दात्यांचे अंतर बिघडते. १०० ते १२० मिमीवर एम५ किंवा एम६ बोल्ट घ्या. मॉड्यूल १ च्या दात्यांचे अंतर ३.१४ मिमी. एकाला एक जोडायचा रॅक नेमका १००० मिमीचा नसतो, ३२० दात्यांचा म्हणजे १००५.३ मिमीचा असतो. बरोबर १००० मिमीला कापलेले दोन तुकडे नुसते टोकाला टोक भिडवले तर सांध्यावर दात्यांचे अंतर चुकते. म्हणून मागवतानाच ‘जोडायचा रॅक हवा’ असे सांगा. बसवताना त्याच रॅकचा १०० मिमीचा तुकडा सांध्यावर उलटा, दात्यात दाता घालून, सी-क्लॅम्पने दाबा आणि मगच बोल्ट आवळा. एवढे केले की सांधा हाताला लागत नाही. केले नाही तर दर फेरीला त्याच जागी टक्क असा आवाज येतो आणि पत्र्यावर त्याच जागी खाच पडते. ट्रान्सपोर्टने येणारा रॅक अँगलला बांधून पाठवायला सांगा, सुटा आला तर तो वाकडा येतो.

पिनियन रॅकवर स्प्रिंगने दाबलेला हवा. मोटरची प्लेट एका पिव्हटवर झुलती ठेवा आणि स्प्रिंगने ८ ते १० किलोचा दाब द्या. दात्यांचा कोन २० अंश असल्यामुळे जोराच्या ३६ टक्के बल पिनियनला बाहेर लोटते. वरच्या हिशेबात एका बाजूला ५० न्यूटन, म्हणजे लोटणारे बल दोन किलोच्या आतच. ८ किलोने ते आरामात पेलले जाते, आणि गँट्री कशाला आदळली तर पिनियन उचलला जाऊन दाते वाचतात. स्प्रिंगऐवजी बोल्टने करकचून आवळले तर रॅक जिथे थोडा वर आहे तिथे गाडी अडकते आणि जिथे खाली आहे तिथे ढिली पडते. वंगणाला घट्ट ग्रीस नको, त्यात भुकटी कालवली जाते. आठवड्यातून एकदा रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडे ग्रॅफाइट पुरे. खानापूर-जांबोटी भागात पावसाळ्यात लोखंड रात्रीत तांबूस होते. तिथे जून ते सप्टेंबर रॅकवर तेलाचा अगदी पातळ हात ठेवा आणि रोज सकाळी पुसा.

लांब बाजूला दोन मोटर घेतल्या की दोन्हींना स्वतंत्र होम स्विच (सुरुवातीची जागा ओळखणारा स्विच) हवा, म्हणजे प्रत्येक वेळी मशिन सुरू करताना गँट्री आपोआप काटकोनात येते. टॉर्चच्या जागी पेन लावून ९०० बाय १२०० चा आयत काढा. दोन्ही कर्ण १५०० यायला हवेत. फरक आला तर दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत एका बाजूचा होम स्विच थोडाथोडा सरकवा. गुण्या लावून गँट्री तपासण्यापेक्षा हे खात्रीचे.

मोटरला व्होल्टेज किती द्यायचे याचा प्रचलित ठोकताळा असा: इंडक्टन्सचे मिलिहेन्रीतले वर्गमूळ गुणिले ३२. ३ मिलिहेन्रीच्या मोटरला ५५ व्होल्ट येतात, म्हणजे ४८ चा सप्लाय बरोबर. मोटर घेताना इंडक्टन्स विचारा, जो दुकानदार सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका. मात्र ड्रायव्हरची कमाल मर्यादा ५० व्होल्ट असेल तर त्याला पूर्ण ४८ देऊ नये. गँट्री थांबताना मोटर जनरेटरसारखी वागून व्होल्टेज वर ढकलते आणि ड्रायव्हर जळतो. एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) स्क्रूने ते ४३-४४ वर आणा, किंवा ८० व्होल्टचा ड्रायव्हर घ्या. ४.२ ॲम्पिअरच्या चार मोटरना मिळून ११ ते १२ ॲम्पिअर लागतात, म्हणून ३५० वॉटचे दोन सप्लाय घ्या.

क्लोज्ड लूप स्टेपरबद्दल (मोटर नेमकी कुठे आहे हे तपासत राहणाऱ्या) गैरसमज आहे की ताकद वाढते. ताकद तेवढीच राहते, फक्त मोटर मागे पडली की ड्रायव्हर ती सावरायला बघतो आणि सावरता आली नाही तर अलार्म देतो. तो अलार्म कंट्रोलरच्या इमर्जन्सी स्टॉपला जोडलाच पाहिजे. जोडला नाही तर एका बाजूची मोटर थांबते, दुसरी पुढे जाते आणि गँट्री पिळते. बजेट असेल तर ४०० वॉटचा एसी सर्व्हो चांगलाच. पण त्याची १.२७ न्यूटन-मीटर ताकद ३००० फेऱ्यांपर्यंत असते, म्हणून ३:१ वर तो वापरणे म्हणजे त्याची क्षमता फुकट घालवणे. त्याला १०:१ गिअरबॉक्स लावा. ३००० फेऱ्यांना वर सांगितलेल्या पिनियनवर मिनिटाला जवळपास १९ मीटर येतात, एवढे पुरे.

कंट्रोलरचा हिशेबही ड्राइव्हशी बांधलेला आहे. ड्रायव्हर २००० पल्स (मोटर हलवणारे विद्युत इशारे) प्रति फेरा ठेवला, तर ३:१ ने एका मिमीला ९५.४९३ पल्स. १५ मीटरच्या वेगाला सेकंदाला सुमारे २४ हजार. पॅरलल पोर्टवरच्या माक-३ या कंट्रोल सॉफ्टवेअरची नेहमीची मर्यादा २५ हजार आणि अर्डुइनो उनो बोर्डावरच्या जीआरबीएल सॉफ्टवेअरची ३० हजार, म्हणजे हे जेमतेम बसते. कोणी ‘जास्त बारीक म्हणून’ ३२०० पल्स ठेवले की आकडा ३८ हजारांवर जातो आणि रॅपिडला टेबल रखडते. दोष यंत्राच्या बांधणीचा नसतो, ड्रायव्हरवर पल्स ठरवणाऱ्या छोट्या डिप स्विचचा असतो.

उभ्या अक्षावर १६ मिमीचा, ५ मिमी लीडचा बॉल स्क्रू आणि १५० मिमी चाल पुरते. ६०० फेऱ्यांना मिनिटाला ३ मीटर येतात, टीएचसीला ते चालते. १० मिमी लीड घेतली तर वेग दुप्पट होतो, पण लाइट गेल्यावर टॉर्च स्वतःच्या वजनाने खाली सरकू शकते. आपल्याकडची लाइट पाहता ५ मिमी बरी.

आता एक इशारा. चाचणीत टेबल अचूक चालते, पण आर्क पेटला की चुकते, असे झाले तर ड्राइव्हला हात लावू नका. ते बहुतेक वेळा विद्युत गोंगाटाचे असते. हाय फ्रिक्वेन्सीने आर्क पेटवणारे स्वस्त प्लाझ्मा सोर्स सिग्नलच्या तारांमध्ये खोटे पल्स घालतात. शक्यतो हवेच्या दाबाने पायलट आर्क पेटवणारा, ब्लोबॅक पद्धतीचा सोर्स घ्या. टॉर्चची केबल आणि मोटरच्या तारा एकमेकांपासून किमान ३०० मिमी दूर ठेवा, शिल्डेड केबलची जाळी एकाच टोकाला जोडा, टेबल, गँट्री आणि पॅनल यांचे अर्थ एकाच बिंदूला आणा. बेळगाव-खानापूरच्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो. खड्ड्यात पाणी घालून तो मोजून घ्या, ५ ओहमच्या आत ठेवा.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ बेळगावातच आहे, आसपास अभियांत्रिकी महाविद्यालये आणि आयटीआय आहेत. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये सीएनसी टेबलाचे मॉडेल करण्यापेक्षा एखाद्या लहान कारखान्याच्या प्रत्यक्ष गँट्रीचे वजन घेऊन असा हिशेब विद्यार्थ्यांनी करून द्यावा, त्या कारखान्याचे हजारो रुपये वाचतील. पिनियन, पुली, पिव्हटची प्लेट यांपैकी पुष्कळ काही उद्यमबागेतच होऊ शकते. बाहेरून मागवावे लागतात ते मुख्यतः रॅक, मोटर आणि ड्रायव्हर.

टेबल बांधून झाल्यावर ॲक्सिलरेशन अंदाजाने ठेवू नका. टॉर्चच्या जागी पेन लावा, कागदावर एक फुली काढा, तिथून १०० मिमीचा चौकोन आणि आतबाहेर झिगझॅग असा प्रोग्रॅम २० वेळा सलग चालवा. पेन पुन्हा फुलीवर आले तर ॲक्सिलरेशन ५०० ने वाढवा. जिथे पेन फुलीवरून हटते, तो आकडा लिहून ठेवा आणि सेटिंग त्याच्या ६० टक्क्यांवर आणा. हीच चाचणी पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा घ्या. आकडा घसरला असेल तर पहिल्यांदा स्प्रिंगचा दाब बघा, मग बेल्टचा ताण, मग ग्रब स्क्रू, आणि ड्रायव्हरला हात सर्वांत शेवटी लावा.

आपले,
फॅब्रिकेशन आणि यंत्रबांधणीच्या कामातील काही वाचक,
उद्यमबाग, बेळगाव